चाळणरावाची वाळू

४ जाने., रविवार
अक्काचा फोन. तारीख मिळाली. १२ फेब्रु.ला अक्काचं ऑपरेशन, दाजींची किडनी बसवणार. माझी जुळली न्हाई हे दिवाळीतच कळलंय. दाजी, तुमचे उपकार कुठं फेडू मी.
अक्काला स्वतःची न्हाई, माशाची चिंता. डॉक्टर म्हणले, ऑपरेशननंतर टाकीच्या पाण्यात हात घालायचा न्हाई, टाकी घरातच नको. दुकानात द्यायला ती तयार न्हाई. सात वर्षं सांभाळलाय. समुद्राचा मासा, पांढरा, वीतभर. तोंडात वाळू भरतो, त्यातलं खायचं ते खातो, उरलेली गालफडातून सोडून देतो. दिवसभर हाच उद्योग. म्हणून नाव चाळणराव.
म्हणलं, "माझ्याकडं दे."
"गेवराईत? खाऱ्या पाण्याचा मासा?"
"किडनी न्हाई देता आली, मासा तरी सांभाळू दे."
मग म्हणली, दुसरी टाकी, मीठ सगळं पुण्याहून पाठवते, फक्त वाळू नवी लागेल. जुनीच्या तळाला घाण बसलीय, ती हलली तर मासा मरतो. अन् वाळूशिवाय हा उपाशी मरतो.
मी मोठ्या तोऱ्यात, "वाळूचं माझ्यावर सोड. गोदाकाठच्या माणसाला वाळू शिकवतीस व्हय?"

११ जाने., रविवार
शेजारी बांधकाम चालूय. ह्यांनी तिथून दोन घमेली गोदेची वाळू मागून आणली. सात पाण्यानं धुतली. आत्याबाईंनी चाळून दिली, सासूच्या हातची चाळणी म्हणजे खडा राहायची सोय न्हाई. पाय मोडले तिघांचे.
व्हिडिओ कॉलवर अक्काला दाखवली. म्हणली, "लिंबू पिळ."
पिळलं. काही न्हाई.
"फसफसली पाहिजे. शिंपल्या-पोवळ्याची वाळू फसफसते. तीच पाणी बिघडू देत न्हाई. आता लोहचुंबक फिरव."
ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, चुंबकाला काय तोटा. फिरवला तर काळ्या मिशाच फुटल्या त्याला.
"लोखंड हाय गं त्यात. खाऱ्या पाण्यात गंजंल."
सगळी वाळू शेजाऱ्याच्या ढिगावर परत. तो म्हणतो, "बाई, धुऊन परत दिलेली वाळू पहिल्यांदाच बघतोय." हसू दे. भिंत तरी स्वच्छ होईल त्याची.

१६ जाने.
चकलांब्याला मावशीच्या बांधावर चुनखडी लई. खलबत्त्यात कुटली, लिंबू पिळलं तर फसाफसा! नाचायचीच राहिले. बादलीत टाकली, पाणी पांढरं. सहा वेळा बदललं, तरी दूधच. आत्याबाई म्हणल्या, "भिंतीला लाव आता."
मावशीनं मात्र पिशवी स्वतः बसस्टँडपर्यंत आणून दिलती. ह्या वयात. तिला अजून सांगितलं न्हाई.

२० जाने.
कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्याचा चुरा मिळाला. अंड्याचं टरफल पक्कं व्हावं म्हणून देतात. समुद्राचाच की! फसफसतो पण. लगेच अक्काला फोटो.
"चिमूटभर गालात धर अन् जीभ फिरव," म्हणली.
"खुळी का काय?"
"फिरव तर."
फिरवली. रक्त आलं. सगळ्या टोकेरी कपच्या.
"तो दिवसभर हेच करणार हाय, छकुले."
छकुली म्हणली. आई गेल्यावर हिनंच वेण्या घातल्या माझ्या, सहावी ते दहावी. रडले जरा. मग मिठाच्या गुळण्या.

२४ जाने.
ऑनलाइन मागवलेली आली. पांढरीशुभ्र. हाताला रंग लागला. पुढं काही लिहीत न्हाई, शिव्या येतील.
अक्काला म्हणलं, तूच बघ बाई पुण्यात. लगेच "बरं" म्हणली. आवाज इतका थकलेला. परवाच डायलिसिस झालंय. दाजींच्या तपासण्या चालू. अन् मी त्यांच्यावर वाळू लादते! फिरून फोन केला, "काही बघू नको, मिळतीय मला." धडधडीत खोटं.

२६ जाने., सोमवार
उमापूरला आमच्या शाळेत झेंडावंदन. लाडू वाटताना स्टाफरूममध्ये माझी वाळूची रड चालू. नवे गुरुजी ऐकत होते, घाटनांदूरचे. म्हणले, "आमच्या गावात एक कंपाउंडर काका हायेत. समुद्राचे मासे पाळायचे. आता बंद हाय, पण सामान असंल."
लाडू तसाच हातात राहिला.

१ फेब्रु., रविवार
घाटनांदूर. हे दुकान बंद ठेवून सोबत आले. बीड, अंबाजोगाई, दोन एसट्या बदलल्या. "माशासाठी एवढं?" असं एका शब्दानं न्हाई विचारलं. लिहून ठेवते, नंतर भांडताना आठवावं म्हणून.
काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. माळ्यावरून दोन पिशव्या काढल्या, सीलबंद. बारीक रव्यासारखी. पर्समधून लिंबू काढलं. फसफसली! चुंबक फिरवला, कोरडाच. मग चिमूटभर गालात धरली.
काकू ओरडल्या, "अवो बाई, चहा टाकलाय की! वाळू कावून खाता?"
काही टोचलं न्हाई. मऊ. तिथंच बसून खदाखदा हसले, हेही हसले.
काकांची गोष्ट: एका उन्हाळ्यात दोन दिवस लाइट न्हवती, सगळे मासे गेले. "त्यानंतर हात धजला न्हाई. पण वाळू टाकवंना." पिशवीवरून हात फिरवत बोलत होते. बॅटरीवरचा हवेचा पंपही दिला. काय द्यायचं म्हणलं तर चिडले. "मासा वाळू उकरायला लागला की फोटो पाठवा. बास."
कोण कुठली मी. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले, खाली ठेववंना.

५ फेब्रु.
टाकी भरून तयार. आरओचं पाणी, पुण्याचं मीठ, काकांची वाळू.
दाजींनी ट्रॅव्हल्सनं डबा पाठवला. त्यात जुन्या वाळूतली वरची एक वाटी, ओलीच. अक्का म्हणलेली, हे विरजण. ह्यातले बारीक जीव नव्या वाळूत वाढतात, माशाची घाण तेच खातात.
शाळेतून आले तर हे खुशीत. "तुझी डब्यातली वाळू धुऊन ठिवली. लई वास येत होता. सात पाणी दिले, बोअरचे."
काय बोलले ते लिहीत न्हाई. आत्याबाई कानावर हात ठेवून गच्चीत गेल्या. पण महिनाभर "वाळू धुवा, वाळू धुवा" म्हणून डोकं कुणी खाल्लं? मीच.
घाबरत अक्काला सांगितलं. तर ती हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला, दाजी पाणी घेऊन आले. कित्येक महिन्यांनी ऐकलं तिचं हसणं. म्हणली, "टाकीतला दगड येतोय माशासोबत, त्यातबी हायेत ते जीव. भांडू नको नवऱ्याशी."
रात्री ह्यांना आवडतं पिठलं केलं. माफी मागायची आमची हीच रीत.

८ फेब्रु., रविवार
दाजी स्वतः आले. चार दिवसांवर ऑपरेशन, तरी थर्माकोलचा खोका मांडीवर धरून आले. "ड्रायव्हरवर भरवसा न्हाई," म्हणे. थेंब थेंब आपलं पाणी मिसळत तासाभरानं चाळणरावाला टाकीत सोडलं. तो सरळ दगडाखाली.
निघताना दाजींच्या पाया पडले. "अवो, काय हे," म्हणून मागं सरले. लाजले. म्हणलं, "माझ्या वाटणीचं तुम्ही देताय." ते म्हणले, "वाटणी कसली? माझीच बायको हाय ती."
ह्या माणसाला औक्ष दे रे देवा. दोघांना दे.

१० फेब्रु.
बाहेर येत न्हाई. खात न्हाई. वाळूवर एक वळसुद्धा न्हाई. तिकडं दोघं अ‍ॅडमिट झाले. अक्कानं विचारलं, "चाळतोय का?" मी म्हणलं, रुळतोय. हे खोटं न्हाई. खरंबी न्हाई.
घाटनांदूरला फोन केला. काका म्हणले, "घाबरू नका बाई, नवं घर हाय त्याला." फोन ठेवता ठेवता, "मीबी वाट बघतोय."

१२ फेब्रु., गुरुवार
रजा टाकली. सकाळी साडेसातला दोघांना आत नेलं. नणंद बाहेर बसलीय अक्काची, ती कळवणार.
आत्याबाईंनी देवापाशी समई लावली. ह्यांनी दुकान उघडलंच न्हाई. स्टूल आणून माझ्या शेजारी बसले. टीव्ही बघावा तसे दोघं टाकी बघतोय.
बारा वाजले. काही न्हाई.
एकला नणंदेचा मेसेज: दाजी बाहेर आले, बरे हायेत. अक्का अजून आत.
दोन वाजून दहा. दगडाखालून डोकं आलं. मग अर्धा. मग सगळा. तोंड वाळूत खुपसलं, गाल फुगवले, अन् दोन्ही बाजूंनी बारीक धारा. परत. परत! हे माझा दंड गच्च धरून. मी मोबाईल धरला, पण डोळे टाकीवरच, निम्मा व्हिडिओ नुसत्या भिंतीचा.
आधी काकांना पाठवला. मग अक्काला. तिचा फोन बंद, तरी पाठवला. एकच टिक आली.
साडेचार. नणंदेचा मेसेज न्हाई, टिक अजून एकच. तो चाळतोय.