घरच्या मुलीचा मायना

दादर, १२ जानेवारी २०२६

चि. मानसीस अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवर लिहिलं की तुझे भावोजी वाचतात, म्हणून कागद. सासूबाईंना सांभाळायला झारखंडहून आणलेली आमची राधा आता रविवारी सुट्टी मागते, चर्चला जायला! मी म्हटलं, अगं, तू घरच्यासारखी. घरच्यांना कसली सुट्टी? मला तरी कुठे असते? तर उठून भांडी घासायला गेली. तिचा मोबाइल माझ्याकडेच असतो, नको त्यांचे फोन येतात. बाहेर जाताना कुलूप लावते, तेही तिच्याच काळजीनं. तू कामकरी बायांच्या संघटनेतली, तुझं ऐकेल. समजाव तिला. येताना सुके बोंबील आण.

लोभ आहे तो बोंबलांसकट वाढव.

तुझी अनुजाताई

घोडपदेव, २० जानेवारी

ती. ताईस सा. न.

काल आले, तर दाराला कुलूप. तू नि तुझी लेक ऋता गिरगावात हळदीकुंकवाला. जाळीतून राधाशी बोलले. आग लागली असती तर ती आणि म्हातारी, दोघी आत! तिचं नाव सालोमी टोप्पो. सासूबाईंच्या जिभेवर बसत नाही म्हणून तुम्ही राधा केलंत म्हणे. ताई, त्यांच्या गोळीचं नाव, क्लोपिडोग्रेल, ते त्या बरोब्बर म्हणतात गं!

घरची, तर तुमच्याबरोबर टेबलाशी कधी जेवली? काळजी, तर ऋताला कोंडून बघ एकदा. रविवारी येते. मोबाइल तिला दे, राहायचं की जायचं ते तिला ठरवू दे. नाहीतर बहीण म्हणून नाही, संघटनेच्या बाया घेऊन येईन.

बोंबील विसर. लोभाचं तूच बघ.

मानसी

दादर, २८ जानेवारी

चि. मानसीस आशीर्वाद.

सालोमी तुझ्याकडे नीट आहे, हे वाचून बरं वाटलं. सासूबाई अजून राधाला हाका मारतात. मी जाते.

तिची ती चप्पल डोळ्यांपुढून हलत नाही. आल्या दिवसापासून माळ्यावर पडून कडक झालेली. रविवारी उंबऱ्याबाहेर पहिल्याच पावलाला चपलेचा अंगठा तुटला. माझी देऊ केली, तर नको म्हणाली. तुझी घालून गेली, तू अनवाणी टॅक्सीत बसलीस. मी दारात. कुलूप हातात.

तिला माफीचं पत्र लिहायला घेतलं, ते मायन्यालाच अडलं. चि. लिहावं तर पुन्हा घरची केली, आणि घरचीच म्हणून तर कोंडली. शेवटी श्रीमती सालोमी टोप्पो यांस, एवढं लिहिलंय. खाली पान कोरं आहे. तिच्याकडे लोभ कुठल्या तोंडानं मागू?

तो कागद सोबत आहे. नाव बरोबर लिहिलंय का, तेवढं तिला विचारून कळव.

अनुजा