पुढच्या अकरा सभांनाही सहमत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
नगर समिती कार्यालय, पहिला मजला.

विषय : ‘महिला सदस्या सहमत’ हा रबरी शिक्का जप्त करून अर्जदाराचे खरे मत नोंदवून मिळणेबाबत.

संदर्भ : दि. ७ च्या सभेतील ठराव क्र. ३ (बाजारातील स्त्रियांचे स्वच्छतागृह बंद करून तेथे कार्यालयाच्या मोडक्या खुर्च्या ठेवणे).

महोदय,

१. सदर अर्जदार ही वॉर्ड चारमधून रीतसर निवडून आलेली, सात सदस्यांतील एकमेव स्त्री असून पोटापाण्यासाठी शिवणकाम करते. ठराव क्र. ३ च्या बाजूने तीन व विरोधात तीन पुरुष सदस्य होते. अर्जदाराने उभे राहून, खिडकीतली कबुतरे उडतील एवढ्या आवाजात ‘विरोध’ असे सांगितले. इतिवृत्तात मात्र ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झालेला आहे.

२. चौकशीअंती समजले की, लिपिकांनी उपरोक्त मजकुराचा शिक्काच करून घेतला आहे. “अहो ताई, तुमचाच त्रास वाचवला. मागच्या बाईंच्या वेळेपासून चालू आहे, त्या कधी काही बोलल्या नाहीत,” असे ते म्हणाले. बोलल्या असत्या तरी ते लिहिले कोणी असते, हा अर्जदाराचा नम्र प्रश्न आहे.

३. ज्या सभेच्या वेळी अर्जदार बहिणीच्या बाळंतपणासाठी परगावी होती, त्या सभेतही ती सहमत आहे. कहर म्हणजे पुढच्या अकरा सभांच्या कोऱ्या पानांवरही शिक्के मारून तयार आहेत. अद्याप कोणाच्या डोक्यातही न आलेल्या ठरावांना अर्जदाराने होकार देऊन ठेवला आहे. उद्या समितीने अर्जदारालाच मोडक्या खुर्च्यांत ठेवायचे ठरवले, तरी अर्जदार सहमतच.

४. ही नोंद ऐकताच अर्जदाराच्या सासूबाईंनी आपणहून लेखी निवेदन दिले : “एकोणीस वर्षं ही माझ्या घरात आहे. मिठाच्या चिमटीपासून नातीच्या नावापर्यंत एका गोष्टीला सहमत झालेली मी पाहिली नाही. कचेरीने खोटं लिहिलंय.” सासू-सुनेचे एकमत सहसा होत नाही, तरी त्याची योग्य ती दखल घ्यावी.

५. थट्टा पुरे. बाजारात भाजी, मासे, भांडी विकणाऱ्या त्रेचाळीस बाया सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसतात. स्वच्छतागृहाला कुलूप लागल्यापासून त्यांनी पाणी पिणेच सोडले आहे. त्यांतल्या दोघी आजारी पडल्या. यांनीच अर्जदाराला मते दिली. त्यांच्यासमोरून जाताना अर्जदाराला लाज वाटते, आणि कार्यालयाचा संतापही येतो.

६. तडजोड म्हणून लिपिकांनी ‘महिला सदस्या असहमत’ असा दुसरा शिक्का देऊ केला आहे. तोही नको. दर वेळी विचारावे व जे उत्तर येईल ते हाताने लिहावे. सबब ठराव क्र. ३ फेटाळला गेल्याची नोंद करून कुलूप आजच काढण्याचा आदेश व्हावा.

७. या अर्जाचे उत्तर टपालाने पाठवू नये. शनिवारी बाजार भरतो. आपण वहिनीसाहेबांना घेऊन यावे, त्यांना चार तास फिरवावे, आणि “आता मी कुठे जाऊ?” असे त्यांनी विचारल्यास ठराव क्र. ३ त्यांना आपण स्वतः वाचून दाखवावा.

आपली नम्र,
(स्वहस्ते सही)
सदस्या, वॉर्ड चार
दि. १२

सोबत : इतिवृत्ताच्या छायाप्रती, सासूबाईंचे निवेदन, बाजारातील त्रेचाळीस बायांच्या सह्या.