चाक दिल्यानंतरचं संगीत

प्रिय बाबा,

आई सांगत होती, सिनेमाला येणार नाही म्हणून तुम्ही हटून बसला आहात. चौकात पडदा लागणार, अख्खं गाव आपापल्या खुर्च्या उचलून येणार, आणि ज्या माणसाने सायकलच्या भर शर्यतीत आपलं चाक काढून दिलं तो घरात बटाटे निवडत बसणार. वा! शोभतं का हे? रागावू नका, न येण्याचं कारण मला ठाऊक आहे. त्या दिवशी रेडिओवरचा तो बडबड्या समालोचक घाटभर ‘बिचारा साउलो, बिचारा साउलो’ म्हणून गळा काढत राहिला आणि तुम्ही कायमचे गावाचे ‘बिचारे’ झालात. अजून बाजारात कोणी ना कोणी हटकतंच, “काय बिचारे, मिळालं का चाक?” तुमच्या संघाच्या म्होरक्याचा, एव्हेलिओचा टायर फुटला होता, संघाची गाडी मागे अडकली होती, तुम्ही चाक दिलं आणि तो जिंकला. म्होरक्याला चाक देणं हेच तर तुमचं काम, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत. पण लोकांना कीव करायची हौस. आता तीच कीव एवढ्या मोठ्या पडद्यावर, वर तुमच्याच लेकीच्या संगीतासकट, ही तुमची धास्ती. खरं सांगू? मलाही तीच होती.

त्याचं असं झालं. आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. संगीत तयार होईपर्यंत संकलक कुठल्यातरी दुसऱ्याच सिनेमाचं संगीत चित्राखाली तात्पुरतं चिकटवून ठेवतो. आमच्या विल्मरने तुमच्या प्रसंगाखाली अशी काही रडकी व्हायोलिनं लावली की विचारू नका. महिनोन्‌महिने तेच ऐकून मार्सेलाबाईंना, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेला, दुसरं काही चालेनासं झालं. “असंच कर नोहोरा, फक्त हे नको,” असं त्यांचं म्हणणं. आता यातून काय बोध घ्यायचा तुम्हीच सांगा!

प्रसंग साधा आहे. तुमची भूमिका करणारा पोरगा चाक काढतो, देतो, एव्हेलिओ निघून जातो आणि कॅमेरा त्या पोराच्या चेहऱ्यावर थांबतो. बस्स. तो चेहरा मी इतक्यांदा पाहिला की आता रस्त्यात माझ्या भावापेक्षा त्याला आधी ओळखेन. आणि बाबा, गंमत बघा. व्हायोलिन लावलं की त्याच्या डोळ्याखालचा घाम अश्रू वाटतो. तुताऱ्या लावल्या तर तोच घाम तेज होतो, माणूस चर्चमधल्या संतासारखा दिसायला लागतो, पुढ्यात मेणबत्ती तेवढी लावायची बाकी. आपल्याकडची छोटी गिटार, तिप्ले, छेडली तर निव्वळ खुळा दिसतो, आनंदाने चाक देऊन बसलेला. पापणीसुद्धा हललेली नाही हो! मग दुःख असतं कुठे, त्या चेहऱ्यात की माझ्या तारांत? न राहवून मी त्या पोरालाच विचारलं, अरे, त्या क्षणी तुझ्या मनात काय होतं? तर म्हणतो, “ताई, बूट चावत होते.”

मग मला नादच लागला. येईल त्याला बसवायचं, संगीत बदलायचं आणि पडदा सोडून त्याच्या तोंडाकडे बघायचं. एल्विया आत्यालाही आणलं. व्हायोलिनवर ती जी ढसाढसा रडली, “माझा बिचारा भाऊ गं!” म्हणून, की विल्मर पाणी आणायला धावला. मार्सेलाबाई खूश. म्हणाल्या, इथे प्रेक्षक रडला नाही तर शेवटी एव्हेलिओ जिंकल्यावर टाळ्या कशाला वाजवेल? चूक नाही त्यांचं. पण मला आत्याचा असा राग आला! तिचा नव्हे, माझाच. सगळ्या देशाला मी असंच रडवणार आणि तुम्ही बाजारात जाणं कायमचं सोडणार.

तेव्हा मी सगळं काढून टाकलं आणि नुसता एक मोठा ढोल ठेवला. संथ, घाटात पायडल मारतात त्या चालीचा. एव्हेलिओबरोबर तो निघून जात नाही, तुमच्यापाशीच राहतो. तुमच्याकडे चाक नाही, तुम्ही जागचे हलत नाही, आणि तरी चाल चालूच. वर बासरीचे चार सूर, तेही उशिरा. आत्याला पुन्हा बसवलं. या खेपेला रुमाल हातातच राहिला. पुढे सरकून म्हणते, “अगं, मग पुढे काय झालं? हा वर पोचला कसा?” सख्खी बहीण, बाबा! जन्मभर तुमची कीव करत आली आणि हा प्रश्न तिला आज पडला. मी मार्सेलाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “मलाही तेच विचारायचं होतं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तुम्ही मागाहून एकट्याने घाट चढलात तो भाग परत जोडायला सांगितला. तो त्यांनी कापून टाकला होता.

आता हे सगळं लिहून का पाठवते आहे, ते. मागच्या खेपेला घरी आले तेव्हा मी पियानो वाजवत बसले होते आणि तुम्ही दारात उभे राहून मान डोलावत होतात. मी वाजवायचं थांबले, तुमची मान मात्र डोलत राहिली. तेव्हा मला कळलं. कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण चौकात तुम्हाला फक्त लोकांचे चेहरे दिसतील, आणि ते बघून तुम्हाला वाटेल की झालं, पुन्हा ‘बिचारा’. तसं नाहीये बाबा, हे तुम्हाला आधीच कळावं म्हणून लिहिलं. आणि तो ढोल मी कानात कापसाचे बोळे घालून, स्टुडिओच्या लाकडी फरशीवर बसून घडवलाय. पायांतून वर चढतो, छातीपर्यंत येतो. पडद्यासमोर लाकडी मंच असेल, त्यावरच आवाजाचे मोठे खोके ठेवायला विल्मरला बजावलंय. या, तिथे माझ्याजवळ बसा, बूट काढून. बासरी लोकांसाठी आहे. ढोल तुमच्यासाठी केलाय.

तुमची वाट बघणारी, तुमचीच
नोहोरा