आधी पोचलेला हुकूम

३ फेब्रुवारी
नवी नोकरी, नवी खोली आणि ही नवी वही. आमची ही म्हणते, वही आठवडाभर चालेल आणि मग धूळ खाईल. बघू कोण जिंकतं!

कारखाना लोखंडी साच्यांचा. छपराखालून एक क्रेन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. तिचा चालक इतकी वर्षं वर टांगलेल्या केबिनमध्ये बसायचा. तो निवृत्त झाला. आता तिथे रेडिओ रिमोट बसवायचा आणि खाली उभं राहून तो मीच चालवायचा. साहेबांनी एवढं दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन कानाला लावला, तो सुट्टीपर्यंत काढला नाही.

साच्याला साखळ्या घालून हुकात अडकवणारे एक म्हातारे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत न विचारता माझ्यासमोर स्वतःचा डबा सरकवला, आणि मी लाजतोय असं पाहून माझ्या सावकाश खाण्याची चेष्टा केली.

५ फेब्रुवारी
रिसीव्हर बसवला. क्रेनवर पेटी, पेटीवर अँटेना, सगळ्या तारा नंबर घालून बांधल्या. स्वतःचीच पाठ थोपटावी असं काम झालंय. रिमोट पट्ट्याने पोटावर बांधायचा, दोन्ही अंगठ्यांनी बटणं दाबायची: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मधे लाल बटण, ते दाबलं की सगळं बंद.

मामा म्हणाले, बरंय बाबा, चढणं नाही, उतरणं नाही, पोटावर पेटी बांधून जावयासारखं उभं राहायचं. मग त्यांनीच माझा पट्टा मागून नीट आवळला. मला शाळेत पाठवतानाही माझा पट्टा असा कुणी सारखा केला नव्हता.

पहिला साचा चार टनांचा. दुधाचं भांडं ठेवावं इतका अलगद टेकवला.

८ फेब्रुवारी
आज नोंदी पाहिल्या. मी बटण दाबलं ती वेळ रिमोट टिपून ठेवतो, आणि हुकूम पोचला ती वेळ वरची पेटी टिपते. दोन्ही ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी दिसतात. पेटीची वेळ रिमोटच्या दोन सेकंद आधीची आहे. म्हणजे पत्र पेटीत टाकण्याआधीच घरी पोचलं! घड्याळं चुकली असणार. दोन्ही जुळवून ठेवली.

९ फेब्रुवारी
सकाळी जुळवलेली घड्याळं संध्याकाळीही सेकंदाला सेकंद बरोबर होती. नोंदीत मात्र सहा मिनिटांचा फरक. पेटीला माझे हुकूम सहा मिनिटं आधी मिळतात, आणि मी मागाहून तेच, त्याच क्रमाने दाबतो. एकही चुकत नाही. क्रेन मात्र मी दाबल्यावरच हलते.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, क्रेन चालते ना? मग नसती डोकेदुखी कशाला?

जेवताना ही विचारत होती, अंगठ्याला काय झालंय. भाकरी मोडताना तो आपोआप वाकत होता. मी हसण्यावारी नेलं.

११ फेब्रुवारी
फरक वीस मिनिटांचा.

दुपारी पेटीत एक हुकूम आलेला दिसला: २:५०, डावीकडे. म्हणजे मी तो ३:१० ला दाबणार. ठरवलं की दाबायचाच नाही. रिमोट बंद केला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि हात खिशात घालून ऑफिसात बसलो. ३:१० ला खिशातला अंगठा दाबला गेला. मी दाबला नाही. दाबला गेला. बाहेर क्रेन डावीकडे सरकली.

मामांना वाटलं मी गंमत करतोय. त्यांनी हात हलवला.

मला भीती वाटतेय, आणि हे लिहायला लाज वाटत नाही.

१२ फेब्रुवारी
हिला सगळं सांगितलं. तिने आधी कपाळाला हात लावून पाहिला, मग माझे दोन्ही अंगठे आपल्या मुठीत धरून बसली. मुठीतही ते हलले. ती रडली. नोकरी सोड म्हणाली. उद्या सोडणार. सांगून, पेटी उतरवून.

१३ फेब्रुवारी, सकाळी १०:३०
राजीनामा दिला. साहेब म्हणतात, आजचा माल जाऊ दे, मग जा. शेवटचं म्हणून नोंदी पाहिल्या. फरक आता चाळीस मिनिटांचा; तो मिळवून माझ्या दाबायच्या वेळा:
१०:५२ — वर.
११:०७ — खाली. पूर्ण वेगाने, नऊ सेकंद.
पुढे काहीच नाही.
हुक आत्ता मामांच्या जागेवर आहे. साखळ्या लावून झाल्यात. सहा टन.

१०:५५
मेन स्विचकडे पळालो. साहेब दारात आडवे आले, कशाला म्हणून विचारत बसले. त्यातच अंगठा — साचा वर गेला. मग स्विच पाडला, पेटाऱ्याला कुलूप लावलं. चावी माझ्या खिशात. क्रेन बंद. साचा अधांतरी लटकतोय, डोक्याच्या वर.
बंद केली नसती तर निदान हलवून बाजूला — आता हलतही नाही, आणि पुन्हा चालू करायची हिंमत नाही.

१०:५९
मामांच्या पाया पडून सांगितलं, लांब राहा. ते म्हणाले, वजन लटकत ठेवून जायचं नसतं, खाली ओंडके रचावे लागतील. ओंडके आणायला गेलेत. कॉम्प्युटरवरच्या आकड्यांना भिऊन त्यांचं काम अडणार नाही म्हणे.

११:०२
मी त्यांच्या जागेवर बसलोय, रिमोट पोटावर तसाच बांधलेला. साच्याच्या बरोबर खाली. मी इथे असलो की ते ओंडके कुठे रचतील? आणि माझाच अंगठा माझ्याच डोक्यावर — नाही. तेवढं तो करणार नाही. माणसाचं शरीर आहे शेवटी.
लिहीत राहायचं. पेन घट्ट धरलंय, अंगठा पेनावर. डावा हात मांडीखाली दाबलाय. लिहीत राहिलो तर अंगठा मोकळा राहणार नाही.

११:०५
साहेब लांबून ओरडतायत. बाकीचे बघतायत. कुणी जवळ येत नाही. बरं आहे. येऊ नका.

११:०६
मामा आले. मला पाहिलं. ओंडके हातातून टाकून दिले त्यांनी.
पळत येतायत. मला ओढून काढायला. इथे, खाली —
मी ओरडतोय, नको म्हणून. थांबत नाहीत.
उठतो — पाय — त्यांनी पट्टा धरला माझा, मागून —
मामा सोडा
अंगठा पेनावरून सुट