मंत्राविना चालणारा पंप आणि माझी इतर मिळकत

मी, जिला सगळी गल्ली खटपटी म्हणते, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली वा मंत्राखाली नसताना लिहून ठेवत आहे. वैद्यबाईंनी खात्रीसाठी मला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावला. तो आला. तेव्हा पुढे कोणी 'म्हातारीला भूल घातली होती' असे म्हणू नये.

१. राहते घर माझ्या पश्चात यजमानांचे. त्यामुळे त्यांना या पत्रावर साक्षीदार होता येत नाही, म्हणून ते सकाळपासून रुसले आहेत. ते मांत्रिक. आमच्याकडे विहिरीचे पाणी मंत्राने वर येते आणि मांत्रिकांचे घसे बसले की सगळे तहानलेले. म्हणून मी हातपंप करायला घेतला.

२. बादली व दोर माझ्या दिरांना. मांत्रिकांच्या सभेत सर्वांसमोर ते म्हणाले होते, "वहिनी, मंत्र असताना दांडा कशाला हलवायचा?" भाऊजी, पडसे झाले की उपयोगी पडतील. राग नाही, पण उत्तर द्यायचे राहिले होते.

३. पहिला पंप मोडीत घालावा. तो कित्येक वर्षे झकास चालला आणि मी तोऱ्यात मिरवले. मग यजमान एकदा बहिणीकडे राहायला गेले आणि पंप कोरडा ठणठणीत. परतल्यावर खोदून विचारले, तेव्हा कळले की मी दांडा मारू लागले की हे दाराआड उभे राहून मंत्र पुटपुटत. माझा हिरमोड होऊ नये म्हणून! प्रेमापोटी माझे इतके नुकसान दुसऱ्या कोणी केलेले नाही. पंप पहिल्या दिवसापासून कुठेतरी गळत होता आणि मंत्राने ते मला कधी दिसूच दिले नाही. त्याच घडणीचे पुढचे पंपही तसेच गळले. तेव्हापासून दर चाचणीला मी यांना डबा देऊन नणंदेकडे धाडते. नणंदबाईंनी हे सोसले, त्यांना माझी चांगली शाल द्यावी.

४. कारखाना व सर्व हत्यारे लेकीला. इथे मी फार अडले होते. तिचे हात माझे, पण जीभ बापाची. तिने पंप चालवला तर पाणी पंपाने आले की मंत्राने, हे कोण सांगणार? मी कारखाना विकायलाच निघाले होते. तेव्हा ती म्हणाली, "आई, मंत्र फक्त पाणी चढवायलाच वापरायचा, असं कुणी ठरवलं?" तिने माझ्या नव्या पंपात पाणी भरले, ते मंत्राने जागच्या जागी थांबवले आणि भोवतीची नळी अलगद काढून घेतली. पाण्याचा खांब तसाच उभा राहिला. त्याच्या बुडाशी पाण्याचाच एक बारीक काटा बाहेर आला होता, बरोबर जिथून ते निसटत होते तिथे. ती फट मी अर्धे आयुष्य शोधत होते. मला रडू आले, ते आनंदाचे होते.

फट बुजवली, बापलेकींना नणंदेकडे पाठवले आणि एकटीने दांडा मारला. पाणी आले. म्हणून कारखाना तिचाच. अट एक: चाचणीच्या दिवशी मंत्र येणाऱ्या कोणीही जवळपास थांबू नये, मालकिणीनेही.

५. यजमानांसाठी आणखी थोडे. माझी घटका भरत आली की तुम्ही मंत्र म्हणणार, हे मला पक्के ठाऊक आहे. खुशाल म्हणा. पण दाराआडून नको. उशाशी बसा आणि मोठ्याने म्हणा. त्याने मी थांबणार नाही, हे आपण दोघे जाणतो. पण इतकी वर्षे माझ्यासाठी म्हटलेला तो मंत्र मी एकदाही ऐकलेला नाही.

वरील सर्व मजकूर मीच लिहिला, वाचला आणि मला तो पटला.

सही: खटपटी
साक्षीदार: वैद्यबाई, शेजारचे लोहार
स्थळ: कारखाना
दिनांक: हिवाळ्यातला पहिला सोमवार