गाडीत बसण्याआधी

बजाजनगर,
६ जुलै २०२५

चि. सौ. उमास अनेक उ. आ.

तुझा फोन घेत नाही म्हणून रागावली असशील. माझ्या उजव्या कानात हल्ली कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज असतो, फोनवरचं निम्मं कळत नाही. म्हणून पत्र. तुझी वहिनी म्हणते, तिचं बोलणं मी आधीही ऐकत नव्हतो, आता फक्त कारण मिळालं.

खरी तक्रार चक्करची आहे. मागच्या महिन्यात दाढी करताना अख्खी खोली गरगरली आणि मी भिंत धरून खाली बसलो. कानाचे डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतलं पाणी वाढतं, त्यानं तोल जातो. मीठ कमी करा, गोळ्या घ्या, आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवू नका. वर आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी कळवा, असंही म्हणाले.

आता तूच सांग, गाडी कशी सोडू? कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवरचा रामकिसन तुला आठवतो ना? आमच्या स्वरदाच्या लग्नात जिलब्यांचा आग्रह करत फिरत होता तो. त्याच्या किडन्या निकामी झाल्यात. दिवसाआड शहरात डायलिसिसला जावं लागतं, आणि येताना इतका गळून जातो की बसची पायरी चढवत नाही. लेक सुरतेला. मीच नेतो-आणतो. चक्करच्या आधी कानातला आवाज वाढतो, तेवढ्यात गाडी बाजूला घेता येते. त्याला काही सांगितलं नाही, उगाच संकोचेल.

जावईबापूंना नमस्कार. रागासकट लोभ चालेल.

तुझा,
वैजूदादा


नांदेड,
१५ जुलै २०२५

ती. वैजूदादास,
उमाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग डॉक्टरांची मनाई परत वाचली. विमा कंपनीच्या दावे विभागात माझा जन्म गेला, म्हणून थोडं रागानंच लिहिते.

लायसन्स काढताना चक्कर येते का, हे स्पष्ट विचारतात. तेव्हा तू नाही म्हणालास ते खरंच होतं, आता ते खरं राहिलेलं नाही. विम्याचंही तसंच. डॉक्टरांनी मनाई केल्यावर तू गाडी चालवलीस आणि काही झालं, तर कंपनी नुकसान नाकारू शकते. साधा अर्ज कर, डॉक्टरांचा दाखला जोड. उपचारानं चक्कर थांबली तर डॉक्टरच परवानगी देतील. हे काही जन्मभराचं नाही.

आणि आधी आवाज वाढतो, या भरवशावर राहू नकोस. रामकिसनभाऊंसाठी गाडी हवी हे कळतं, पण त्यासाठी ड्रायव्हर मिळेल. हवं तर मी वहिनीशी बोलते, पण मग घरात तुला कोण वाचवेल?

मीठ खरंच कमी केलंस का, ते कळव. या धाकट्या बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
उमा


बजाजनगर,
२४ ऑगस्ट २०२५

चि. उमास अनेक उ. आ.

तुझ्या पत्राचं उत्तर दिलं नाही. मध्ये बरेच दिवस चक्कर आली नव्हती, म्हणून अर्ज उद्या करू, परवा करू, असं चाललं होतं.

मंगळवारी डायलिसिसहून परतताना गोलवाडीजवळ कानात काहीच झालं नाही. आवाज नाही, काही नाही. एकदम रस्ताच उभा राहिला. ब्रेक दाबला एवढं आठवतं. गाडी दुभाजकावर चढून आडवी झाली. मला खरचटलं. रामकिसनचा डावा हात मोडला.

उमा, त्याच हातात डॉक्टरांनी डायलिसिससाठी नस जोडून दिली होती. ती गेली. आता गळ्यात नळी घातलीय आणि सुई टोचत असावी तसा तो मान अवघडून बसतो.

पोलीस आले तेव्हा मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, साहेब, कुत्रं आडवं आलं, याची कायबी चूक नाय. मीही हो म्हणालो. विमा कंपनीच्या माणसालाही त्यानं तेच सांगितलं. मला वाचवायला खोटं बोलतोय, आणि मी त्याच्या पलंगाशेजारी गप्प बसलेला. काय करू, ते लिही. बोलणी खायची तयारी आहे.

वैजूदादा


नांदेड,
१ सप्टेंबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

बोलणी कशाला देऊ?

खरं सांग. पोलिसांना आणि कंपनीलाही, स्वतः जाऊन. गाडीचे पैसे बहुतेक मिळणार नाहीत, त्यांची आशा सोड. रामकिसनभाऊंच्या दुखापतीचा दावा वेगळा असतो. त्यांच्यासाठी तिथला वकील मी बघते. उशीर झाला तर ते खोट्या जबाबात अडकतील, हे ध्यानात घे.

वहिनीला जवळ बसव. आम्ही आहोत, हे विसरू नकोस.

तुझी,
उमा


बजाजनगर,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. उमास अनेक उ. आ.

तू सांगितलंस तसं केलं. जबाब बदलला, लायसन्स जमा केलं. कंपनीनं गाडीचं नुकसान नाकारलं. योग्यच केलं. वकील चांगले आहेत, रामकिसनचा दावा दाखल झाला.

सगळीकडे सांगून मग त्याच्याकडे गेलो. वाटलं होतं, तो पाठीवर हात ठेवेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, डॉक्टरनं तुला कधी सांगितलं व्हतं? मी म्हणालो, जूनमध्ये. तो म्हणाला, मला वाटलं तुला अचानक घेरी आली, माणसाला येती, म्हणून मी कुत्र्याचं सांगितलं. तुला ठाऊक व्हतं, तर मला एकदा सांगायचं. मला लई गरज व्हती, मी तरीबी बसलो असतो. पर मी ठरवून बसलो असतो.

उमा, आरटीओ, विमा, डॉक्टर, सगळ्यांचं तू लिहिलंस, मीही तेवढ्याचाच विचार केला. ज्याचा जीव माझ्या शेजारच्या सीटवर होता, त्यालाच विचारलं नाही.

आता कॉलनीतला एक रिक्षावाला त्याला नेतो. मी सोबत येतो म्हणालो, तर म्हणाला, सध्या नको. त्याच्या डायलिसिसच्या दिवशी मी सकाळी आपोआप कपडे करून बसतो. तुझी वहिनी चहा आणून ठेवते.

लोभ असू दे, हे तुला हक्कानं लिहितो. त्याला लिहायची अजून छाती होत नाही.

तुझा,
वैजूदादा