सूर्यशुद्ध पाणी

४ मार्च
पाणीपुरवठा खात्याचा वार्षिक अहवाल वाचून काढला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तो वाचणारा मी एकटा. बाकीचे लिफ्टमधल्या सूचना वाचतात, त्याही पाळत नाहीत. नळाच्या पाण्यात काय काय आहे: नायट्रेट, फ्लोराइड, लोह, शिसं, क्लोरीन. शेवटच्या रकान्यात सगळ्यांपुढे ‘मर्यादेत’. उद्या चोर म्हणेल, मी मर्यादेत चोरी केली.

मेहुणा त्याच खात्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. दिवसभर नळाचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. फोन केला. म्हणाला, भाऊजी, क्लोरीन जंतू मारायला घालतात. म्हटलं, जे जंतूंना सोडत नाही ते मला का सोडेल? त्यावर निरुत्तर. बायको म्हणते, त्याने फोन ठेवला होता.

६ मार्च, सकाळी
सोसायटीचा अध्यक्ष या नात्याने गच्चीवरच्या टाकीचं झाकण काढून टाकलं. क्लोरीन उडून जाईल, जंतू उन्हाने मरतील. कमिटीला विचारलं नाही. मेंढरांना विचारून कोणी वाट धरत नाही.

९ मार्च
क्लोरीनचा वास गेला. तळमजल्यावरच्या शिंप्याने जिन्यात अडवून सांगितलं, अध्यक्षसाहेब, पाण्याला कसला तरी वास मारतोय. म्हटलं, त्याला निसर्ग म्हणतात. जन्मभर खात्याचं पाणी प्यायलेली जीभ, तिला काय कळणार.
बायको पाणी उकळून पिते. गॅसची नासाडी.

१२ मार्च
शिंप्याला जुलाब. बाहेरचं अरबटचरबट खात असणार.

१३ मार्च
दुसऱ्या मजल्यावरचं अख्खं घर आडवं. साथ आहे. सुनेला सातवा महिना. म्हणाली, मी आजच आईकडे जाते. मी समजावलं, इथल्यासारखं पाणी तिथे मिळायचं नाही. ती म्हणाली, म्हणूनच जाते, बाबा. पोरगी बावळट आहे, पण माझं म्हणणं तिला पटलेलं दिसतं.

१४ मार्च
शिंप्याला सकाळी हॉस्पिटलमध्ये नेलं. सलाईन लावलंय. त्याची मुलगी फाटकापाशी रिक्षाची वाट बघत रडत होती. अंगाची आग झाली. खात्याला कोर्टात खेचणार. अर्ज लिहायला बसलो. ‘आपल्या नालायक’ एवढं झालं आणि उठावं लागलं. परत बसलो, परत उठावं लागलं. संतापाने पोट बिघडतं, हे मला पूर्वीपासून माहीत आहे.

१५ मार्च
बायकोने मला न विचारता भावाला बोलावून घेतलं. आला बाटल्या घेऊन. फाटकाजवळच्या नळाचं, म्हणजे थेट खात्याचं, पाणी नळीत घेतलं, औषध टाकलं, गुलाबी झालं. आमच्या स्वयंपाकघरातलं तसंच राहिलं. म्हणाला, इथे क्लोरीन शिल्लकच नाही. म्हटलं, मान्य केलंस एकदाचं. तो म्हणाला, भाऊजी, गच्चीची किल्ली द्या.

वर बराच वेळ टाकीत वाकून बघत होता. मग म्हणाला, या, तुम्हीही बघा. आत दोन मेलेली कबुतरं होती. आजची नव्हती. मी म्हटलं, खात्याच्या पाइपातून आता पक्षीही यायला लागले. मागे शिंप्याची मुलगी येऊन उभी होती. तिने टाकीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खाली गेली. तिला यातलं शास्त्र समजायचं नाही.
अर्ज आज राहू दिला.

१८ मार्च
टाकी उपसली, घासली, झाकण बसवलं. मेहुण्याने स्वतः उभं राहून करून घेतलं. हौस असते एकेकाला. शिंपी घरी आला. निम्मा झालाय. मी जिना उतरत होतो, तर भिंतीला टेकला आणि मी पुढे जाईपर्यंत तोंड फिरवून उभा राहिला. वाट दिली. आदर अजून शिल्लक आहे.

२० मार्च
सोसायटीची सभा. सुनेने फोनवर विचारलं, बाबा, तुम्ही जाणारच का. न जाऊन कसं चालेल? खात्याच्या बेजबाबदारपणावर वीस मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. अध्यक्षाची निवड आधी उरकून घेतली. एकमताने झाली, एकही हात खाली नव्हता. बायको निवडून आली.
मी हात वर केला होता तो भाषणाची परवानगी मागायला. त्यांनी तोही मोजला.